आडवं पडल्या पडल्या

कापूस वेचणीचा हंगाम लागला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांत दिवस किलोवर मोजला जातो. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते, त्यामुळे बाई जितकी लवकर शेतात उतरेल तितके दोन पैसे जास्त. पहाटे उठून स्वयंपाक, पाणी, धुणं उरकायचं, कमरेला झोळी बांधायची आणि दिवसभर वाकून बोंडं रिकामी करायची. वाळलेल्या बोंडाच्या कडा टोकदार असतात. हंगाम सरेपर्यंत नखांच्या कडेची कातडी सोलून निघते. संध्याकाळी कापसाचं वजन होतं, मग घर, मग चूल. दिवसभर आजीजवळ नाहीतर मोठ्या बहिणीजवळ राहिलेलं दीड-दोन वर्षांचं मूल दारातच गळ्यात पडतं आणि झोपेपर्यंत आईला सोडत नाही.

अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी अशाच गावांत गेली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी जायचं, बाळाशी कसं खेळावं, काय बोलावं हे आईबापांना सांगायचं आणि सेविकांनाही ते शिकवायचं, हा या कामाचा एक भाग. या गृहभेटींत एकच अडचण मी वेगवेगळ्या तोंडून ऐकली. एका आईने ती सरळच मांडली : "मॅडम, तुमी सांगता ते सारं खरं हाय. पन सांजंले घरी येतो त अंगात जीव रायत नाही. खेळवू कवा, अन् कोन्या ताकदीनं?"

या प्रश्नाला बाजूला सारून पुढे जाणारं कुठलंही बालशिक्षण मला अपुरं वाटतं. आपल्या भित्तिपत्रकांवरची आई नेहमी ताजीतवानी असते. सतरंजीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात रंगीत ठोकळे, तोंडावर हसू. ही आई मला गावात क्वचितच भेटली. भेटली ती कंबर धरून बसलेली, सातव्या महिन्यातली, रात्रभर तापाच्या मुलाला घेऊन जागलेली, किंवा गुडघे धरलेली आजी. शहरातही फार वेगळं नसावं. रात्रपाळी करून आलेली परिचारिका आणि चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई यांच्या पाठीचा कणा त्याच भाषेत बोलतो. म्हणून घरातल्या थकलेल्या माणसाला धरूनच मुलाच्या शिकण्याचा विचार करायला हवा, असं मी सेविकांना सांगत आले. दीड वर्षाच्या मुलाकडे स्वतःची ताकद भरपूर असते. ते उचलतं, ओततं, आणतं, नेतं, चढतं, पडतं, पुन्हा चढतं. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावं आणि मुलाने काही विचारलं, दाखवलं, पुढे केलं की उत्तर द्यावं. एवढं आडवं पडूनही जमतं.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या एका घरी मी ते डोळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबरमधली संध्याकाळ होती. ओसरीत बाजेवर एक तरुण आई आडवी पडली होती, डोळे मिटलेले, एक हात बाजेखाली लोंबकळत होता. मी आल्याचं पाहून उठायला लागली, तर मी म्हटलं, "राहू दे गं, पडून राहा." तिची मुलगी दीड वर्षाची असेल. ती घरातून वाटी घेऊन आली आणि तिने ती आईच्या लोंबकळत्या हातात ठेवली. आईने डोळे न उघडता बोटांनी वाटीचा काठ चाचपला. "हे वाटी हाय. भाजीची वाटी." मुलगी वाटी घेऊन आत पळाली आणि लाकडी पळी घेऊन आली. "हे पळी. वरनाची." मग फणी आली. मग कांदा आला. कांदा हातात पडल्यावर आईने तो नाकाशी नेला आणि "ऊंऽऽ, कांदा!" म्हणत तोंड वाकडं केलं. मुलगी खदखदून हसली आणि स्वतः कांदा हुंगून बघितला. त्यानंतर ती बापाची चप्पल घेऊन आली, दोन्ही हातांनी छातीशी धरून. आईने चप्पल चाचपली आणि म्हणाली, "हे काय, पोळी हाय का?" मुलगी जागीच थबकली. आईच्या तोंडाकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, आणि सगळा जोर लावून ओरडली, "नाई! बाबा!"

माझ्या मते त्या ओसरीत जे चाललं होतं तो उत्तम वर्ग होता. मुलीने घरभरातून वस्तू निवडली, ती निवडताना आधी आणलेली टाळली, दोन हातांनी तोल सांभाळत उंबरा ओलांडला, वस्तू नेमकी हातात ठेवली, नाव ऐकलं. कांद्याचा वास आणि कांद्याचं नाव तिच्या डोक्यात एकत्र बसलं. चपलेशी आल्यावर तर तिने फार मोठी झेप घेतली. आई चुकीचं सांगते आहे हे तिला कळलं आणि ते दुरुस्त करायला तिने "बाबा" हा शब्द वापरला. चप्पल म्हणता येत नव्हतं, पण ती कुणाची आहे हे सांगता येत होतं. आणि आईने या सगळ्यासाठी केलं काय? बोटं हलवली आणि बोलली. तिची पाठ बाजेला टेकलेली होती, डोळ्यांना विसावा मिळत होता. पुढे माझ्या देखरेखीखालच्या सेविकांना मी हा खेळ जसाच्या तसा शिकवला. त्याला नाव दिलं नाही, द्यायची गरजही वाटली नाही. त्या एकमेकींना "तो बाजेवरचा" एवढंच म्हणतात.

आई मुद्दाम चुकते, हा यातला कळीचा भाग. दोन वर्षांच्या आसपासचं मूल दिवसभर ऐकत असतं : हे करू नको, तिकडे जाऊ नको, तुला येत नाही. त्याला मोठ्यांची चूक काढायची संधी मिळाली की ते सगळं बळ एकवटून बोलतं. ज्या मुलाच्या तोंडून शब्द निघत नाही म्हणून आई काळजीत असते, ते या खेळात पटकन बोलताना मी पाहिलं आहे. तरीही वर्ष उलटून चांगले चार-सहा महिने झाले आणि मूल एकही शब्द बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर खेळावर विसंबून न राहता आरोग्य केंद्रात दाखवायला हवं. कान तपासायला हवेत. गावात "याचा बाप बी उशिरा बोलला" म्हणत दोन-दोन वर्षं निघून जातात.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. पोषण, लसीकरण, वजन-उंची आणि तीन वर्षांवरच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, असं तिचं रूप आहे. तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत येतं ते वजनापुरतं, लसीपुरतं. घरी नेण्याचा आहारही आईच घेऊन जाते. त्या मुलाचं शिकणं जे काही व्हायचं ते घरात होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफच्या साथीने 'आरंभ' हा उपक्रम आणला, तेव्हा आम्हा पर्यवेक्षिकांना पहिल्यांदा या वयाबद्दल नीट शिकायला मिळालं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' हा आराखडा काढला. त्यात प्रत्येक महिन्याच्या वयाला साजेशा कृती दिल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. मात्र असं वेळापत्रक आईच्या हातात तसंच ठेवलं तर तिला ते आणखी एक काम वाटतं, वेचणीसारखंच मोजून द्यायचं. सेविकेने ते आपल्या डोक्यात ठेवावं आणि आईला तिच्या घरातली एकच गोष्ट दाखवावी.

प्रशिक्षणात ऐकलेली जमैकाची हकिगत मला यासाठीच पटली. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ मुलं अभ्यासासाठी घेतली. मुलं ९ ते २४ महिन्यांची. त्यांतल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं आरोग्य कार्यकर्त्या जात राहिल्या. त्या बायका आमच्या सेविकांसारख्याच वस्तीत काम करणाऱ्या होत्या. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची होती. त्या आईला मुलाशी कसं खेळायचं ते दाखवायच्या आणि ती जे नीट करते त्याचं कौतुक करायच्या. ही मुलं २२ वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई भेटी न झालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डब्याच्या झाकणाशी खेळण्याचा एवढा परिणाम वीस वर्षांनी दिसतो, हे ऐकून आमच्या प्रशिक्षणाच्या खोलीत बायका क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने विचारलं, "तिथल्या बायांले मानधन किती होतं?" प्रश्न अगदी योग्य होता.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं गरिबाच्या मुलाला परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखलं आणि बिया, शिंपले, खडे, पानं यांतून साधनं केली. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी मुलाच्या अंगणात नेली. आमच्या योजनेला जे अंगणवाडी हे नाव मिळालं, ते त्या अंगणातलं. या वयासाठी मी आणखी एक पाऊल आत टाकते. उंबऱ्याच्या आत, जिथे दमलेलं माणूस पडलेलं असतं, तिथवर.

घरातली बसून करायची कामं या वयाला फार मानवतात. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे घरोघर तुरीच्या ओल्या शेंगा असतात. आई भिंतीला पाठ टेकून सोलायला बसते. दीड वर्षाच्या मुलापुढे आख्ख्या शेंगांची टोपली आणि एक रिकामा गंज ठेवा. ते एक-एक शेंग उचलून गंजात टाकील, गंज पालथा करील, पुन्हा भरील. या वयाला भरणं आणि ओतणं यात जो आनंद असतो तो मोठ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण त्याचे हात आणि डोळे त्यातूनच एकमेकांशी जुळतात. अडीच वर्षांचं मूल शेंग मधोमध दाबून उघडायला शिकतं. चिमटीची ती ताकद पुढे पेन्सिल धरताना कामी येते. पालेभाजी निवडताना देठ एकीकडे, पान एकीकडे. धुतलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात असला की "बाबाचं कोणतं?" "तुझं कोणतं?" एवढं विचारावं आणि ते ओढून काढतं त्याला हो किंवा नाही म्हणावं. रुमालाची घडी दोन वर्षांच्या मुलाला जमते, वाकडी जमते, ती उलगडून सरळ करू नये. मी एका घरी आजीला नातवाने घातलेली घडी तशीच ट्रंकेत ठेवताना पाहिलं. तो पोरगा ट्रंकेचं झाकण लागेपर्यंत तिथून हलला नाही.

डबे आणि झाकणं यांबद्दल तर किती लिहू? घरात तीन-चार आकारांचे डबे असतातच. झाकणं काढून मुलापुढे पसरा आणि तुम्ही कणीक मळत बसा. मोठं झाकण छोट्या डब्यावर ठेवलं की ते घसरतं, छोटं झाकण मोठ्या डब्यात पडतं. कुणी काही सांगायची गरज नाही, डबाच सांगतो. आवाज फार होतो ही खरी तक्रार आहे. डोकं दुखत असेल त्या दिवशी प्लास्टिकचे डबे द्यावेत.

पाण्याचा खेळ मुलांना सगळ्यात प्रिय आणि आईला सगळ्यात सोपा वाटतो. मोरीजवळ एक पेला, एक गाळणी, थोडं पाणी दिलं की अर्धा तास कसा गेला कळत नाही. पण इथे मी आवाज चढवून बोलते. या वयाचं मूल बादलीत डोकं खाली करून पडलं तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि त्यासाठी हातभर पाणीही लागत नाही. म्हणून पाणी देताना आई जागी हवी आणि हात पोचेल इतक्या जवळ हवी. डुलकी लागेल असं वाटत असेल त्या दिवशी पाणी नकोच. खेळ संपला की पाणी ओतून बादली पालथी. हेच बारीक वस्तूंचं. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सोललेले तुरीचे दाणे, नाणी, मणी, रिमोटमधले चपटे सेल, हे तीन वर्षांखालचं मूल एकटं असताना त्याच्या हाती लागू नये. सेल गिळला गेल्याची शंका जरी आली तरी थेट दवाखाना.

कापसाच्या गावात आणखी एक धोका असतो तो शहरातल्या पुस्तकांत लिहिलेला नसतो. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे दिसायला सुरेख असतात, घट्ट झाकणाचे, हलके. पोरांना खेळायला तेच आवडतात, घरातही ते पाणी भरायला ठेवतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर गावं सावध झाली, पण डबे अजून अंगणात दिसतात. गृहभेटीला गेल्यावर सेविकेने आधी नजर त्यावर टाकावी. आणि शेतातून आलेल्या आईने आधी हातपाय धुवावेत, लुगडं बदलावं, मग मुलाला घ्यावं. मूल रडतं, तेवढी पाच मिनिटं रडू द्यावं.

मोबाईलचा विषय काढला की बायका मान खाली घालतात, जणू मी रागावणारच आहे. मी रागवत नाही. आठ तास वाकलेल्या बाईने अर्ध्या तासाच्या शांततेसाठी मुलाच्या हाती फोन दिला तर मला तिची गरज समजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, तेही जितकं कमी तितकं बरं. हे मी सांगते, आणि त्यापुढे जाऊन फोनचंच दुसरं रूप दाखवते. आई आडवी, मूल तिच्या दंडावर डोकं ठेवून, फोनमधले घरचे फोटो आई एकेक सरकवते. हे कोण? मामा. मामा कुठं बसला? बैलगाडीत. बैल किती? फोटो हलत नाही, आईचा आवाज हलतो, आणि मूल जिथे थांबेल तिथे थांबता येतं. गाण्याचे व्हिडिओ सतत पुढे धावतात, मुलाला विचारायला सवडच देत नाहीत. फोटो संपले की फोन उशाखाली जातो. यात सोपं काही नाही, मूल दुसरं काही दाखव म्हणून हट्ट करतं. पण चार-आठ दिवस आईने निग्रह धरला की फोटोच मागू लागतं, असा बऱ्याच घरांतला अनुभव.

सगळ्यात जास्त शिकणं, माझ्या अनुभवात, दिवा मालवल्यानंतर होतं. अंधारात मूल आणि आई शेजारी पडलेले असतात आणि आई दिवस सांगते. आज शेतात गेलो, पऱ्हाटीत मोठा साप दिसला, मग काकाने काठी आपटली, साप पळाला. मग तू काय केलं? आजीजवळ होतास? काय खाल्लं? दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून उत्तर देतं : "आजी भात." आई ते भरून परत देते : "हो का, आजीनं भात दिला? दूध टाकून दिला?" मूल पुढचा शब्द शोधतं. काल, आज, उद्या, आधी, मग, हे न दिसणारे शब्द दिवसा खेळण्याने दाखवता येत नाहीत. ते अशा गोष्टींतूनच मुलाला उमगतात. आई मध्येच झोपी गेली तरी चालतं. उद्या तोच साप पुन्हा सांगता येतो, मुलांना तीच गोष्ट लाख वेळा चालते.

हे बोलणं घरच्याच बोलीत व्हावं, यावर मी ठाम आहे. यवतमाळच्या बाजूला कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, गेल्यावर काही तरुण आया माझ्यासमोर मुलांशी अडखळत मराठी बोलायच्या, मॅडमना बरं वाटावं म्हणून. मी त्यांना कोलामीतच बोलायला सांगायची. आईला जी भाषा झोपेतही येते, थकव्यातही येते, त्या भाषेत ती भरभरून बोलते. परकी भाषा बोलायला ताकद लागते आणि ती संध्याकाळी उरलेली नसते. वऱ्हाडी आईनेही "मले", "तुले" बिनधास्त म्हणावं. शाळेची भाषा मूल शाळेत शिकेल, पण त्याआधी त्याच्याजवळ शब्दांचा साठा हवा.

आता थकव्याबद्दल. तो कुणाचा स्वभाव नसतो, आणि आळस तर मुळीच नसतो. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे मी ज्या ओसरीत जाते तिथली दुसरी बाई रक्त कमी असतानाच वेचणीला जाते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तरी पांढुरकेपणा दिसतो. अशा आईला खेळ शिकवून सेविकेने निघून जाणं मला मान्य नाही. आधी हिमोग्लोबिन तपासायला उपकेंद्रात न्यायचं, लोहाच्या गोळ्या चालू करायच्या, त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हे सांगायचं, लिंबू किंवा आवळा सोबत घ्यायला सांगायचं. गोळीने मळमळतं म्हणून अर्ध्यावर सोडणाऱ्या खूप असतात, तिथे रात्री जेवणानंतर घेऊन बघायला सुचवायचं. आणि कुणी आई मुलाकडे बघतच नसेल, बाळंतपणानंतर महिनोन् महिने गप्प, रडवेली असेल, तर तिला खेळाचा उपदेश करू नये. तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आशाताईला सोबत घेऊन तिला डॉक्टरांकडे न्यावं. त्या काळात मुलाशी बोलायला घरातलं दुसरं माणूस पुढे करावं.

ते दुसरं माणूस बहुतेकदा आजी असते. बापही असू शकतो, आणि त्याला मी नेहमी आग्रहाने सांगते की पानठेल्यावर बसायचंच आहे तर पोराला मांडीवर घेऊन बसा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दाखवा, माणसांची नावं सांगा. काही जण ऐकतात. ज्या घरी ऐकलं तिथल्या मुलांना ट्रॅक्टर, ट्रॉली, डंपर सगळं तोंडपाठ असतं.

आजीकडे वेळ असतो, गुडघे नसतात. आर्वीकडच्या एका आजीने यावर स्वतःच तोड काढली होती. ती उठत नसे, नातीला पाठवत असे. "दिवानावर माया चष्मा हाय, आन. चष्म्याखाली डबी हाय, ते नको आनू." नात चष्मा घेऊन यायची, डबी मागे ठेवून. दोन वर्षांच्या मुलीला वर, खाली, जवळ, मागे, नको हे सगळे शब्द कळत होते, कारण ते शब्द नीट कळले नाहीत तर आजीला चष्मा मिळत नसे. आधी एक सूचना, मग दोन एकत्र : "सुई आन, अन् येतायेता दार लोट." दार लोटल्याचा आवाज आला की आजी म्हणायची, "शाब्बास माये बाई." त्या घरी मला शिकवायला काही नव्हतं. मी फक्त आजीला सांगितलं की सुई सुईदाणीत टोचलेलीच मागवा, सुटी नको. आणि सोबत आलेल्या सेविकेला म्हटलं, हे वहीत लिहून घे, शेजारच्या गल्लीत सांगायला.

सेविकेने घरी जाऊन काय करावं, यावर मी आता एवढंच सांगते : आधी बसावं. दहा मिनिटं काही बोलू नये, बघावं. त्या घरात थकलेलं माणूस आणि मूल यांच्यात काहीतरी चालू असतंच. मूल आईचं बोट धरून बोटातल्या अंगठीशी खेळत असेल, आईच्या पोटावर चढून घसरगुंडी करत असेल. त्यातली एक गोष्ट निवडावी, ती चांगली आहे हे आईला तिच्या शब्दांत सांगावं आणि तिला एकच शब्द किंवा एकच प्रश्न जोडून द्यावा. पुढच्या भेटीत तिथून पुढे. खेळण्यांची पेटी घेऊन गेलेली सेविका घरी गेली की खेळ पेटीसोबत निघून जातो.

हंगामात ही भेट दुपारी करून उपयोग नाही, घरी आजी असते आणि आई शेतात. भेट संध्याकाळी सहानंतरच व्हायला हवी. तेव्हा सेविकेचीही चूल पेटायची असते आणि तिचंही नातवंड किंवा लेकरू घरी वाट बघत असतं. सकाळपासून तिने अंगणवाडी सांभाळलेली असते, वजनं घेतलेली असतात, पोषण ट्रॅकर या ॲपवर नोंदी भरलेल्या असतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. वेचणीच्या तीन महिन्यांत संध्याकाळची प्रत्येक गृहभेट कामाच्या तासांत धरावी, त्या दिवशी सेविकेला दुपारी लवकर घरी जाऊ द्यावं, आणि एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त घरं तिच्या यादीत टाकू नयेत. दोन घरं नीट होतात. तिसऱ्या घरी ती स्वतःच बाजेवर टेकते.